रिमिक्समधलं मोकळं कडवं

वरातीत मला सगळ्यात जास्त ऐकावं लागलेलं वाक्य म्हणजे ‘आवाज वाढव की राव’. त्याखालोखाल ‘आमच्या भाऊंचं गाणं लाव’. आणि तिसरं, पण ते फार थोड्या घरांतून, ‘आधी जेवून घ्या’. ‘तुम्ही गाणं निवडता कसं?’ असं मात्र इतक्या वर्षांत मला कुणी विचारलं नव्हतं. या दिवाळी अंकाच्या संपादकबाईंनी फोनवर तेच विचारलं आणि मी गप्प झालो. त्यांना वाटलं, रेंज गेली. त्या दोनदा ‘हॅलो हॅलो’ म्हणाल्या, तेव्हा म्हटलं, “बाई, लिहूनच देतो.”

माझं नाव संजय. जुन्नर-आंबेगाव भागात सगळे संजूभाऊ म्हणतात. नारायणगावात माझ्या भावाचं शेती अवजारांचं दुकान आहे, त्याच्या वरच्या खोलीत माझा स्टुडिओ. स्टुडिओ म्हणजे ऐकायला मोठं वाटतं. एक कॉम्प्युटर, एक माइक, भिंतींना चिकटवलेल्या जुन्या गोधड्या, आणि खाली कुणी पॉवर टिलर चालू करून बघायला लागलं की काम बंद. गाडीवरचे मोठे बॉक्स मी विकून टाकले. त्या आवाजानं लोकांच्या खिडक्यांची तावदानं हलायची, म्हातारी माणसं कानावर हात ठेवून घरात जाऊन बसायची, आणि शेवटी माझाच उजवा कान शीळ घालायला लागला. कानाच्या डॉक्टरांनी विचारलं, “काय काम करता?” मी सांगितलं. ते म्हणाले, “मग बरोबर आहे.” आता मी फक्त मिक्स बनवतो आणि लहान बॉक्स घेऊन हळदीची कामं करतो.

रिमिक्स म्हणजे काय, हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. दुसऱ्या कुणीतरी शिवलेला सदरा असतो. तो उसवायचा, त्याचं चांगलं कापड राखायचं आणि वेगळ्या अंगाला बसेल असा पुन्हा शिवायचा. गाण्यातला आवाज वेगळा काढायचा, ताल बदलायचा, कुठे लांबवायचं, कुठे तोडायचं. उसवणं कुणालाही जमतं. आजकाल तर मोबाइलसुद्धा उसवून देतो. कोणता सदरा उसवायचा, तिथे खरी अक्कल लागते.

लोकांना वाटतं, जे गाजतंय तेच घ्यायचं. पण गाजलेलं गाणं सगळ्यांकडेच असतं. ओतूरपासून मंचरपर्यंत प्रत्येक मांडवात तेच वाजत असेल, तर मला कशाला बोलवायचं? मी आधी बघतो ती गाण्यातली मोकळी जागा. म्हणजे असं, की नाच रंगात आला असताना मी सगळा आवाज एकदम तोडला, तर पुढची ओळ लोकांच्या तोंडून आपोआप आली पाहिजे. माझा हात मिक्सरच्या पट्टीवर, बॉक्स मुके, आणि अख्खी वरात एका सुरात पुढची ओळ म्हणतेय. त्या क्षणी कळतं की गाणं माझ्या मशीनमधून निघून त्यांच्याकडे गेलं. ज्या गाण्यात अशी जागा नाही, त्याला मी हात लावत नाही, मग ते कितीही गोड असो.

ती जागा आहे की नाही, हे बघायची माझी पद्धत घरगुती आहे. माझी बायको सुनंदा. तिला डीजे हा प्रकार पहिल्यापासून आवडत नाही. मी नवीन गाणं बाहेरच्या खोलीत बारीक आवाजात लावून ठेवायचो आणि आपण पेपर वाचत बसायचो. आत भाकरी थापताना तिनं त्यातली ओळ गुणगुणली, की गाणं पास. ही परीक्षा बरीच वर्षं बिनबोभाट चालली. मग कुणीतरी तिला सांगितलं. त्यानंतर कितीतरी दिवस ती स्वयंपाक करताना फक्त आरत्या म्हणत होती, आणि माझा धंदा आरत्यांवर चालण्यातला नव्हता.

दुसरी गोष्ट मला बैलांनी शिकवली. आमच्याकडे बैलगाड्यांच्या शर्यतीचं केवढं वेड आहे ते सांगायला नको. चढाचा घाट, त्यावर गाडा सुटतो, हलगी कडाडते आणि माइकवरचा निवेदक “झाली, झाली, भिर्रर्र” अशी आरोळी ठोकतो. ओतूरकडच्या एका गाडामालकाच्या पुतण्याचं लग्न होतं. नवरदेवाला सजवलेल्या गाडीतून न्यायचं, आणि गाडीला शर्यतीची बैलजोडी. मालकांचा हट्ट, की गाण्यात घाटाची हलगी आणि ती आरोळी हवीच. मीही हौसेनं घातली. वरात निघाली, गाणं रंगलं, आरोळी आली, आणि बैलांनी कान टवकारले. बैलांच्या दृष्टीनं लग्न वगैरे काही नव्हतंच. नवरदेवासकट गाडी मोकळ्या वावरातून अशी गेली, की वरात गावाच्या वेशीत आणि नवरदेव सासऱ्याच्या दारात. कुणाला लागलं नाही म्हणून आज हसता येतं. मालक तर त्या दिवशीही खूश होते. “बगितलं का भाऊ, काय सुटली जोडी!” असं जो भेटेल त्याला सांगत होते.

तेव्हापासून गाणं निवडताना मी आणखी एक बघतो. आपल्याला जे नुसतं गाणं वाटतं, ते ऐकणाऱ्यातल्या कुणासाठी तरी हुकूम असू शकतो. कुणाला धावायचा, कुणाला पुढे यायचा, कुणाला मागे थांबायचा. ते कळल्याशिवाय उसवायला बसू नये. लोणीच्या हळदीला मला हे फार उपयोगी पडलं, आणि संपादकबाईंना खरं तर मला त्या हळदीचंच सांगायचं आहे.

लोणीची पूनम माझ्याकडे आली ती चाकणच्या कंपनीतून सुट्टी काढून, गळ्यात अजून कंपनीचं कार्ड. तिचं लग्न पारगावच्या मुलाशी ठरलं होतं. मी नेहमीप्रमाणे विचारलं, “एंट्रीला कोणतं गाणं?” ती म्हणाली, “एंट्रीचं तुमी ठरवा, काका. मला हळदीला आईचं गाणं पायजे. तिच्या आवाजात.”

तिची आई शोभाताई. हे नाव मला माहीत होतं. मी या धंद्यात नवीन असताना लोणीच्या बाजूला हळदीला गेलो, की बायका म्हणायच्या, “जरा थांबव तुझं मशीन, शोभा म्हणतीये.” मग त्या पाच-सहा जणी पाटाभोवती बसून हळदीची गाणी म्हणायच्या, आणि मी घड्याळ बघत वायरी गुंडाळत बसायचो. पुढे आमचे बॉक्स मोठे झाले, आणि मग कुणी ‘थांबव’ म्हणेनासं झालं. म्हटलं तरी ऐकू आलं नसतं. ती गाणी आमच्या आवाजाखाली गाडली गेली, याचं मला आज वाईट वाटतं.

शोभाताईंनी गाणं सोडलं त्याचं कारण मात्र आमचा डीजे नव्हता. पूनम कॉलेजात असताना तिचे वडील गेले. त्यानंतर शोभाताई कुणाच्या हळदीत पुढे आल्या नाहीत. मांडवात गाणं नाही आणि नवरीला हळद लावणं तर नाहीच. लग्नघरी त्या मागच्या बाजूला चुलीपाशी दिसायच्या, पुऱ्या तळताना. त्यांच्या ग्रामपंचायतीनं विधवांना असं मागे ठेवायचं नाही, असा ठराव केलेला आहे. ठराव ऑफिसात असतो आणि हळद अंगणात, त्यामुळे दोघांची गाठ पडत नाही.

“माझ्या हळदीलापण ती चुलीपाशीच बसणारे,” पूनम म्हणाली. “मी म्हटलं, तू हळद लावल्याशिवाय मी पाटावरनं उठायचीच नाय. तर म्हणाली, असलं काय केलंस तर लोक तुला न्हाई, मला बोलतील. ते खरंय, काका. मी हट्ट केला तर त्याचा ताप तिलाच व्हणार. म्हणून म्हटलं, निदान तिचा आवाज तरी पुढं बसूदे.”

मला पटलं. पण शोभाताई येतील असं वाटलं नव्हतं. त्या आल्या. दुधाची डेअरी उरकून, डोक्यावर पदर, हातात माझ्या बायकोसाठी चिकाची बरणी. माइककडे त्यांनी पाहुणा बघावा तसं बघितलं.

“मांडवात मी न्हाई म्हणायची हां, भाऊ,” त्यांनी आधीच सांगून टाकलं. “हितं म्हणते. मशीनला म्हणायला कोण नको म्हणतंय?”

रिवाजात मशीनबद्दल काही म्हटलेलं नाही, हे त्यांनी बरोबर हेरलं होतं. मी दार लावलं, खाली भावाला सांगितलं की टिलर चालू करू नकोस, आणि शोभाताईंनी डोळे मिटून सुरुवात केली.

*मांडवाच्या दारी कोण गं उभी*
*हाती हळदीची वाटी*
*मावशी उभी, मावशी उभी*
*ये गं बाई नवरीसाठी*

मग मामीचं कडवं, मग काकूचं, मग आत्याचं. आवाज थोडा खरखरीत झाला होता, पण ठाम. शब्द कोरडे, सुटे, एकही गिळलेला नाही. असा आवाज मिळाला, की आम्हाला निम्मं काम झाल्यासारखं वाटतं.

उरलेलं निम्मं मात्र मला दोन दिवस जमेना. कॉम्प्युटरला ठोके मोजून लागतात. त्याच्या चौकटीत प्रत्येक ओळ बसली पाहिजे. शोभाताईंच्या पहिल्या तीन ओळी नीट बसायच्या आणि शेवटचं ‘नवरीसाठी’ ऐन वेळी लांबायचं. मावशीच्या कडव्यात एवढं, मामीच्या कडव्यात त्याहून जास्त, काकूच्या कडव्यात एकदम थोडं. मी कापून सारखं केलं, तर गाणं मेल्यासारखं वाटायला लागलं. शेवटी त्यांनाच फोन लावला. म्हटलं, “ताई, शेवटचा सूर दर वेळी कमी-जास्त का होतो?”

त्या हसल्या. “आता, मावशी मांडवाच्या दारातनं पाटापतूर येईस्तवर म्हणायचं ना! मामी जाडय, तिला येळ लागतो. काकू तिथंच बसलेली असती.”

मी फोन ठेवला आणि रेकॉर्डिंग पुन्हा लावलं. खोलीत कुणी चालत नव्हतं, तरी त्यांच्या डोळ्यापुढे आपली माणसं चालत होती. गाण्यात जिचं नाव येईल तिनं उठायचं, सूर संपेपर्यंत पाटाशी पोचायचं आणि हळद लावायची. म्हणजे हे गाणं मान देत होतं, एकेकीला हाक मारून. मी कापत होतो ती त्यांची चाल होती. मग मी चौकट सोडून दिली. संबळाचा एक हलका तुकडा गोल फिरत ठेवला आणि ठरवलं, की शेवटचा सूर लूपवर, म्हणजे तोच पुन्हा पुन्हा फिरवत, धरायचा, बाई पाटाशी पोचली की माझ्या हातानं पुढचं कडवं सोडायचं. म्हणजे त्या दिवशी मला पट्टीवर हात ठेवून माणसं बघत उभं राहावं लागणार होतं. खूप वर्षांनी असं काम आलं होतं.

पण एक गोष्ट खटकत होती. आत्याच्या कडव्यावर गाणं संपायचं आणि संपल्यासारखं वाटायचं नाही. जिना उतरताना शेवटची पायरी चुकावी तसं व्हायचं. पूनम ऐकायला आली तेव्हा आईही बरोबर होती. ऐकून झाल्यावर पूनम म्हणाली, “आईचं कडवं राहिलंय.”

शोभाताई म्हणाल्या, “राहिलं न्हाई. ते मी म्हणत न्हाई.”

“आई, पण गाणं त्याच्यावर संपतं.”

“संपू दे ना आधीच. काय बिघडलं?” मग माझ्याकडे बघून त्या शांतपणे म्हणाल्या, “भाऊ, ही गाणी माझी न्हाईत. आमच्या हौसाआक्कांची. मी लगीन होऊन आले तवा त्यांनीच मला शिकवली, शेजारी बसवून. आणि हिचे वडील गेल्यावर त्याच म्हणाल्या, शोभा, आता तू मागं बस. तवापासनं मी मागं. त्यांच्या म्होरं ते कडवं कसं म्हणू?”

हौसाआक्का म्हणजे त्यांची मोठी नणंद, पूनमची आत्या. राहायला लोणीतच. लग्नकार्यातला कोणताही रिवाज तिच्या घरावरून जातो, असं गावात म्हणत. तिला न विचारता मांडवाची मेढ रोवली म्हणून ती एका लग्नात जेवली नव्हती.

पूनमचा एक चुलतभाऊ बरोबर आला होता. तो माझ्या कानाशी म्हणाला, “काका, ॲपमधी टाका ना. आवाज दिला की पायजे ते म्हणून दाखवतंय.”

मला ॲपचीही गरज नव्हती. दुसऱ्या दिवशी दुपारी मी बसलो. ‘आत्या’मधला आ घेतला, ‘बाई’मधली ई घेतली, जोड लपवली, आणि शोभाताईंच्या आवाजात स्वच्छ ‘आई उभी’ ऐकू आलं. हात बसलेला असला, की ही कामं होतात. मला अभिमानच वाटला, खोटं कशाला सांगू. तेवढ्यात सुनंदा चहा घेऊन वर आली. तिनं ऐकलं.

“हे त्यांनी म्हटलंय?”

“नाही. मी बनवलं.”

“त्या स्वतःहून नाही म्हणाल्या ना?”

“हो.”

“मग त्यांच्या तोंडात तुम्ही कशाला घालताय?” तिनं कप ठेवला आणि ती खाली गेली. चहा थंड व्हायच्या आत मी ती फाइल पुसली.

पूनमला फोन करून सांगितलं, की कडवं होणार नाही.  ती म्हणाली, “काका, तिथं दुसरं काय टाकू नका. जागा तशीच ठेवा.” मी ठेवली. आत्याच्या कडव्यानंतर आणखी एका कडव्यापुरता नुसता संबळ, त्यावर काही नाही. आयुष्यभर गाण्यांतल्या मोकळ्या जागा शोधत आलो, ही एक स्वतःच्या हातानं केली. तिचं पुढे काय होणार, हे मात्र मला माहीत नव्हतं.

हळदीला मी दुपारीच लोणीला गेलो. अंगणात मांडव, मध्ये पाट, त्यावर पूनम. मागच्या बाजूला, गोठ्याच्या भिंतीला लागून चुली मांडलेल्या आणि तिथे शोभाताई पुऱ्या तळत बसलेल्या. पाटापासून त्यांच्यापर्यंत अख्खं अंगण. पाटाजवळच्या खुर्चीत हौसाआक्का, नाकात मोठी नथ, हातात काठी. माझे लहान बॉक्स बघून त्या म्हणाल्या, “एवढंच? बरं झालं. कान तरी शाबूत राहत्याल.”

मी गाणं सुरू केलं. पहिल्या ओळीलाच बायका गप्प झाल्या. सगळ्यांनी एकदा बॉक्सकडे बघितलं आणि मग वळून चुलीकडे. शोभाताई कढईत बघत होत्या. त्यांचा झारा थांबला नव्हता.

“मावशी उभी, मावशी उभी.” मावशी उठली. मी सूर धरला, ती पाटाशी आली, मी सोडला. मग मामी. मामींना खरंच वेळ लागला, आणि बायका हसायला लागल्या, कारण सूरही त्यांच्याबरोबर हळूहळू चालत होता. काकू बसल्या जागेवरूनच पुढे सरकल्या. वातावरण सैल झालं होतं. दोघी-तिघी बॉक्सबरोबर म्हणायला लागल्या. मग आत्याचं कडवं आलं. हौसाआक्का काठी टेकत उठल्या, आंब्याच्या पानानं त्यांनी पूनमच्या पायांना, गुडघ्यांना, खांद्यांना, कपाळाला हळद लावली, आणि त्या परत बसायला वळल्या.

मी सूर सोडला. आता फक्त संबळ.

बायका थांबल्या. पुढचं कडवं कुणाचं, हे तिथल्या प्रत्येकीला ठाऊक होतं. तरण्या पोरांना ठाऊक नव्हतं. चुलतभाऊ मांडवाच्या खांबाशी उभा राहून मला हातानं खुणा करत होता, की अडकलं का, पुढचं लाव. डीजेला शांततेची भीती वाटते. हात आपोआप पुढच्या गाण्याकडे जातो. माझाही गेला. पूनमनं मान वर केली नाही. ती चुलीकडेही बघत नव्हती, आत्याकडेही नाही. स्वतःच्या हळद लागलेल्या पावलांकडे बघत होती. मी हात मागे घेतला आणि संबळ फिरत ठेवला.

हौसाआक्का खुर्चीशी पोचल्या होत्या. बसल्या नाहीत. त्यांनी बॉक्सकडे बघितलं, जसं काही तो त्यांच्याशी उद्धटपणे गप्प बसला होता. मग मला विचारलं, “बंद पडलं का रं?”

“नाही आक्का,” मी म्हटलं. “पुढचं कडवं ताईंनी म्हटलेलं नाही.”

“का?”

 ते सांगणं माझं काम नव्हतं. आणि त्यांना विचारायची गरजही नव्हती, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. काठीवरची त्यांची बोटं हळदीनं पिवळी झाली होती. त्या जरा वेळ त्या बोटांकडेच बघत राहिल्या. मग त्यांनी सुरुवात केली. आवाज चिरका, सूर माझ्या मशीनच्या कितीतरी खाली, ठोक्याशी काहीच संबंध नाही.

*मांडवाच्या दारी कोण गं उभी*
*डोळां पाण्याची दाटी*
*आई उभी, आई उभी*
*ये गं बाई लेकीसाठी*

झारा थांबला. शोभाताई उठल्या नाहीत. एवढ्या लांबून मला त्यांचा चेहरा नीट दिसत नव्हता, पदर तेवढा दिसत होता. आक्कांनी शेवटचा सूर धरून ठेवला. म्हातारं माणूस, श्वास किती पुरणार? तो तुटायला आला, तशी मावशीनं तो उचलला. मग काकूनं, मग जाड मामीनं, मग अंगणातल्या बायांनी. एकीचा श्वास संपायच्या आत दुसरी धरत होती. ‘लेकीसाठी’ संपतच नव्हतं. मी संबळ हळूच खाली घेतला, कारण त्याची गरज राहिली नव्हती.

शोभाताईंनी कढई उतरवली, पिठाचे हात पदराला पुसले आणि त्या उठल्या. अंगण मोठं होतं. त्या सावकाश आल्या. कुणी घाई केली नाही. त्या पाटाशी आल्यावर सूर थांबला. हळदीला हात लावायला त्या तरीही बिचकल्या. आक्कांनी त्यांचा हात मनगटाला धरला आणि वाटीत बुडवला.

“मीच मागं बसवली व्हती ना? मग मीच बलावती,” त्या म्हणाल्या. “लाव.”

शोभाताईंनी पूनमच्या दोन्ही गालांना हळद लावली. आंब्याचं पान घ्यायचं त्या विसरल्या. पूनम इतकी रडली की हळद ओघळून गळ्यापर्यंत आली, आणि शोभाताई ती परत वर पुसून लावत राहिल्या. मी पण डोळे पुसले. वायरी तपासायचं निमित्त असतं आमच्याकडे.

हौसाआक्का खुर्चीत बसल्या, काठी आडवी ठेवली आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, “हं. वाजव आता तुझं काय ते.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. कोणत्या गर्दीला कोणतं गाणं लागतं, एवढंच मी आयुष्यभर ठरवत आलो. मशीनमध्ये हजारो गाणी होती. मी यादी वर केली, खाली केली. त्या वेळी लावावं असं एकही गाणं मला सापडलं नाही.

तेवढ्यात पाटाजवळून खरखरीत, ठाम आवाज आला. हळदीचंच, पण मी कधी न ऐकलेलं गाणं. शोभाताई पूनमशेजारी जमिनीवर बसल्या होत्या आणि मांडवात म्हणत होत्या. आक्का मान हलवत ठेका देत होत्या.

मी मशीन बंद केलं आणि ऐकत बसलो.